अमानत

शायर जाँनिसार अख्तर १९४९ मध्ये भोपाळ सोडून चित्रपटांसाठी लिहायला मुंबईत आले. पत्नी सफिया अख्तर मागेच राहिल्या. कॉलेजात शिकवायचे, दोन मुलांचे पाहायचे आणि नवऱ्याला खत लिहायचे, असा त्यांचा दिनक्रम. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे जाँनिसारांनी ही खते ‘हर्फे आशना’ आणि ‘जेरे लब’ या दोन संग्रहांत छापली.

‘जेरे लब’ म्हणजे ओठांतल्या ओठांत. जे एकाच माणसासाठी हळू आवाजात बोलले गेले, ते चारचौघांत आणावे का? कागद ज्याला खत आले त्याचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा, असे कायदा मानतो. हा हक्क वारसांकडे जातो, पण गेलेल्या माणसाची मर्जी कुणाला विचारणार?

तरीही ही खते छापली गेली, हे मला बरे वाटते. नाहीतर गीतकाराचे नाव उरले असते आणि त्याच्यामागे घर सांभाळणारी विदुषी विस्मरणात गेली असती. आज सफिया उर्दूत लेखिका म्हणून वाचल्या जातात.

नटनट्यांची, गायकांची घरगुती खते जमवणाऱ्यांनी म्हणूनच स्वतःला एक सवाल करावा : या खतातून लिहिणाऱ्याला त्याची जागा मिळते आहे, की आपण केवळ नामवंताच्या घरात डोकावतो आहोत? दुसरे असेल, तर खत जपावे. पण मिटलेलेच ठेवावे. अमानत सांभाळायची असते, मिरवायची नसते.