नोंद आणि ठावठिकाणा

रोह्याहून तळ्याच्या वाटेने कुडे लेण्यांकडे जाणारा रसिक तेथील महाभोजांच्या काळचे शिलालेख मोठ्या कौतुकाने न्याहाळतो. परंतु कोकणच्या आणि सह्याद्रीच्या कातळांत, गुहांत मनुष्याने छिन्नी उचलण्याच्या फार पूर्वीपासून जिची वहिवाट चालू आहे, त्या डोंगरी पालीकडे कधी लक्ष गेलेच, तर ते अंग चोरून बाजूला होण्यापुरते. द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच पंडितांनी १८३६ साली वर्णिलेली ठिपकेदार डोंगरपाल, शास्त्रीय नावाने हेमिडॅक्टिलस मॅक्युलेटस, घरातल्या पालीहून कितीतरी दांडगी: पाठीवर दाणेदार उंचवटे, काळपट ठिपके, डोळ्याची बाहुली उभी चिरल्यासारखी, आणि मिटणारी पापणीच नसल्यामुळे जिभेने डोळा पुसून घेण्याची सवय. (भिक्षू गेले, राजे गेले, हे कूळ मात्र कायम आहे.)

२००८ साली जुन्नरजवळच्या घाटघरची आणि साताऱ्याच्या चाळकेवाडीची अशा दोन पाली वरद गिरी प्रभृती अभ्यासकांनी स्वतंत्र जाती म्हणून नोंदविल्या, तेव्हा डोंगरागणिक पाल निराळी असू शकते हे पुन्हा प्रत्ययास आले. आणि जिची सारी मिळकत दोन-चार पठारांची, तिचा निर्वंश करावयास खाणीचा एक परवानाही पुरेसा होतो.

दफ्तरात ज्याचे नाव नाही त्याला कायद्याचे छत्र नाही, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी रीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही अनुसूचीत नावे पाहूनच बोलतो. परंतु नोंदीबरोबर ठावठिकाणाही जाहीर झाला की काय होते, ते दक्षिण चीनमधल्या चुनखडीच्या प्रदेशातील गोनियुरोसॉरस लुई या पालीने दाखविले. १९९९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, शौकिनांच्या बाजारात तिला मागणी आली, आणि २००६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात शास्त्रज्ञांना लिहावे लागले की मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले ते २०१९ मध्ये.

म्हणून माझ्या मते नाव दफ्तरात असावे, पत्ता चव्हाट्यावर नसावा. जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले, आणि त्याच्या हद्दीतल्या कपारींना सरकारी पहारा मिळाला. हद्दीबाहेरच्या कातळांचा पहारा गावकऱ्यांनी आणि वाटसरूंनीच करावयाचा आहे. तेव्हा एखाद्या गुहेत अनोळखी पाल दिसली, तर तिला काठीने डिवचू नका, तिचे छायाचित्र जाणत्या अभ्यासकाला अवश्य दाखवा, आणि गुहेचे नाव मात्र चारचौघांत सांगू नका.