पाचोळा कुणाचा?

झाडावर असतं तोवर पान सगळ्यांचं असतं. फ्लॅट विकताना बिल्डर त्याला 'निसर्गसान्निध्य' म्हणतो, आणि पाहुणे आले की आपण त्यांना गॅलरीत नेऊन ते दाखवतो. शेजारच्या सोसायटीतल्या झाडाची सावली आपल्या स्कूटरवर पडत असेल, तर तिच्यावर आपण हक्कही सांगतो. तेच पान देठ सोडून खाली आलं की बेवारशी होतं. त्याचं नावसुद्धा बदलतं. आता तो कचरा!

वारज्यात माघ-फाल्गुनात अशी बेवारशी पानं पोत्यांनी जमतात. पूर्वी काडी लावली की प्रश्न मिटायचा. म्हणजे धूर होऊन वरच्या मजल्यावर जायचा. पण २०१६ साली हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजारांचा दंड ठरवला, आणि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा ज्याने त्याने आपल्याच आवारात वेगळा साठवावा असं बजावलं. तेव्हा आमच्या सोसायटीने पाचोळा बारीक करणारं यंत्र घ्यायचं ठरवलं.

यंत्र निवडणं म्हणजे स्थळं बघणंच. पहिलं दोन हॉर्सपॉवरचं, सिंगल फेजवर चालणारं, सालस. पण पथ्यावरच्या आजोबांसारखं फक्त वाळकी पानं खाणार. दुसरं पाच हॉर्सपॉवरचं. ते फांद्या फोडणार, पण त्याला थ्री फेज हवी आणि त्याचा आवाज सासूबाईंना चढेल असा! नारळाची झावळी मात्र दोघांनाही वर्ज्य, कारण तिचे धागे पात्यांच्या दांड्याला गुंडाळतात. शिवाय यंत्रातून खत पडत नाही. पडतो तो पाचोळाच, फक्त बारीक. तुकडे झाले की जिवाणूंना शिरायला वाव मिळतो आणि तो लवकर कुजतो, इतकंच. त्यातही कोरड्या पानात कर्बच फार. नत्रासाठी शेण किंवा ओला कचरा मिसळावा लागतो, वर पाणी शिंपडावं लागतं. विक्रेते हा भाग हळू आवाजात सांगतात.

यंत्र हवं, यावर सभेत एकमत होतं. ते दुसऱ्याच्या खिडकीखाली हवं, यावरही एकमत होतं. 'ए' विंगने 'सी' विंगची मागची बाजू सुचवली, 'सी' विंगने पंपहाऊस. पंपहाऊसला मत नसल्याने ठराव पास झाला. एवढ्यात दाराशी उभा असलेला माळी म्हणाला, "सायेब, धुरळा नाकातोंडात जाईल, त्याचं काय? आन् पाला अडकला तर हात कुनी घालायचा?"

दोन तासांत यंत्राजवळ उभं राहणाऱ्या माणसाने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

दृष्टीआड सृष्टी, हे आपलं जुनंच तत्त्वज्ञान. पुण्याचा कचरा एकेकाळी कोथरूडच्या डेपोत पडायचा. कोथरूड वाढलं, वास नाकाशी आला, आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेला. तिथली माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. कोथरूडच्या त्या जागेवर आता मेट्रोचे डबे मुक्कामाला असतात. कचरा काही नाहीसा झाला नव्हता. त्याने फक्त गाव बदललं. आमचं वारजंसुद्धा १९९७ साली महापालिकेत येईपर्यंत गावच होतं. तेव्हा शहराचं बोट उरुळीऐवजी इकडे वळलं असतं, तर आम्हीच ट्रकांपुढे आडवे झालो असतो. आपली स्वच्छता म्हणजे दुसऱ्याच्या दारातला उकिरडा असेल, तर तिला स्वच्छता म्हणायचं की नुसती हुशारी?

कोणतं यंत्र चांगलं, असं कुणी विचारलं तर मी मोटारीची ताकद सांगत नाही. ज्याच्यापुढे आपल्या मुलाला उभं करताना जीव खालीवर होणार नाही, ते घ्यावं. बंद करायचं बटण हाताशी हवं, तोंड इतकं खोल हवं की हात पात्यांपर्यंत पोचूच नये, आणि मास्क-चष्म्याचा खर्च किमतीतच धरावा.

हे मी सभेत मांडलं आणि ते मान्यही झालं. मग जोडीला दुसरा ठराव ठेवला : प्रत्येक सभासदाने वर्षातून एक रविवार माळ्याबरोबर यंत्रापाशी उभं राहावं. सूचक मी होतो. अनुमोदक अजून आपापल्या गॅलऱ्यांत निसर्गसान्निध्य अनुभवताहेत.