माळ घातली, पुढे काय?

॥ जय गुरुदेव ॥



गुरुपौर्णिमा झाली. दरवर्षीसारखी यंदाही काही जणांनी पादुकांसमोर दारू सोडायची शपथ घेतली, गळ्यात तुळशीची माळ घातली. फोटो ग्रुपवर आले, खाली सगळ्यांचे जोडलेले हात आले, कुणाच्या आईला रडू आवरेना. फार चांगलं झालं. पण आज आम्हाला त्या फोटोबद्दल बोलायचं नाही. फोटोनंतरच्या आठवड्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्या आठवड्यात ग्रुपवर कुणी काही लिहीत नाही.

जो माणूस कित्येक वर्षं रोज पितो, त्याचं शरीर दारूच्या हिशोबानं चालायला लागलेलं असतं. ती एकाएकी बंद झाली की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कुणाला फिट येते. दोन ते चार दिवसांत कुणाला भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात, अंगात ताप भरतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली, अंगारा लावा. बंधूंनो, ही बाधा नाही आणि शपथ खोटी असल्याची खूणही नाही. हा वैद्यकीय प्रकार आहे, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. दवाखान्यात त्याला गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, पाणी-क्षार बघतात. म्हणून रोज पिणाऱ्यानं माळ घालायची ठरवली, की आधी डॉक्टरला दाखवावं, मग पादुकांसमोर यावं. अशानं श्रद्धा कमी पडते असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, तुमचा मोतीबिंदू कुणी काढला?

दुसरी एक गोष्ट माउलींसाठी. 'न सांगता दारू सोडवा' अशा पावडरच्या जाहिराती भिंतींवर असतात, आता मोबाईलवरही येतात. चहात, भाजीत गुपचूप कालवायची. त्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. दारू सोडवण्याची एक खरी गोळी आहे, डॉक्टर देतात ती. पण ती पोटात असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यू येतो. म्हणूनच ती रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊनच देतात. फसवून दिलेलं औषध म्हणजे नवऱ्याच्या ताटात घातलेलं विषच समजा. हेतू कितीही चांगला असो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत योग सांगतात. तिथे योग कुणाला साधतो हे सांगताना त्यांनी आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांची गोष्ट काढली आहे. आम्हाला हे फार जवळचं वाटतं. माणसाचं रात्रीचं जेवण आणि झोप भगवंताला क्षुल्लक वाटली नाही. मग आपण व्यसनी माणसाला नुसती शपथ देऊन कसं सोडतो?

आपल्या गावचा कुंडी भंडारा सगळ्यांनी पाहिला आहे. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास तो बांधला. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून झिरपत येतं, शंभराहून जास्त कुंड्या आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्या पाण्यात चुना आहे, तो भिंतींवर साचत जातो. मधल्या वाटेत चुना दाटला तर तुम्ही शेवटच्या कुंडीवर कितीही फुलं वाहा, पाणी कमीच येणार. माणूसही असाच आतून जोडलेला आहे. दारूच्या मागे कधी कर्ज असतं, कधी लूमवरच्या रात्रपाळीनं मोडलेली झोप, कधी लहानपणी पाहिलेलं काही, जे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नाही. कधी मनाचा आजार असतो, ज्याला घरात 'आळस' म्हणतात. लिव्हर बिघडलेलं असतं, दात गेलेले असतात, मुलगी बोलत नसते. यातलं काहीच न बघता 'सोड' म्हणणं सोपं आहे.

सरकारनंही दुकानाच्या बाजूनं पावलं उचलली. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातले अहाते बंद झाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून काही तीर्थक्षेत्रांत दारूविक्री बंद झाली. त्यात आपल्या तापीमाईचं उगमस्थान मुलताईही आहे. चांगलंच झालं. पण दुकान बंद झालं म्हणून आतली तहान बंद होत नाही.

तहानेचं काम कसं करतात, ते पुण्यात पाहायला मिळतं. तिथल्या येरवडा मनोरुग्णालयात डॉ. अनिता अवचट काम करायच्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुण पोरांवर लिहिलं. ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचलं आणि मदत देऊ केली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण उभं राहिलं. आज ते येरवड्यालाच आळंदी रस्त्यावर आहे. अनिताताई १९९७ मध्ये कॅन्सरनं गेल्या, पण काम थांबलं नाही. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते पाहतात. तिथे सुरुवातीला औषधं असतात, पण दिवस औषधांवर संपत नाही. योग आहे, गाणी आहेत, हातानं करायची कामं आहेत, मनातलं बोलायला समुपदेशक आहेत. यांतले बरेच जण स्वतः कधीकाळी तिथे रुग्ण म्हणून आलेले. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण ज्या घरात एकजण पितो तिथे आजारी सगळेच पडतात. व्यसनमुक्तीला वर्ष झालं की वाढदिवस करतात. देवघर नसलं तरी आम्हाला ही गुरुसेवाच वाटते.

गाडगेबाबांचंही असंच होतं. कीर्तनात दारूवर त्यांची जीभ कशी चालायची ते जुन्या लोकांनी सांगितलेलं आहे. पण बाबा नुसते बोलून थांबले नाहीत. पंढरपूरला, नाशिकला गरिबांना पाठ टेकता यावी म्हणून धर्मशाळा बांधल्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. माळ घातलेला माणूस तीन महिन्यांनी पुन्हा प्यायला, तर?

काही ठिकाणी अशा माणसाची माळ काढून घेतात, सेवेतून नाव कमी करतात, 'गुरूला फसवलं' म्हणतात. नाथबाबांची पैठणची कथा तुम्हाला माहीत आहे. गोदावरीत स्नान करून येताना एकजण त्यांच्या अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे, असं एकशे आठ वेळा झालं. आपण ही कथा नाथांच्या शांतीसाठी सांगतो. पण गोदामाईकडेही बघा. शंभराव्या वेळेला ती 'आता पुरे' म्हणाली नाही. हे व्यसन वारंवार उलटणारा आजार आहे, साखरेसारखा, दम्यासारखा. साखर वाढली म्हणून आपण कुणाला सत्संगातून काढतो का? जो घसरला तो आधीच लाजेनं मेलेला असतो. त्यात दार बंद झालं की तो एक तर बाटलीकडे जातो, नाहीतर तापीच्या पुलाकडे. म्हणून महाराजांची इच्छा स्पष्ट आहे: घसरलेल्याची माळ कुणी काढू नये. तुटली असेल तर आश्रमात ओवून मिळेल, कितव्यांदा हे विचारलं जाणार नाही.

मात्र दार उघडं ठेवणं म्हणजे मार खाणं नव्हे. त्याच्या हातात पैसे देऊ नका, त्याचं कर्ज गुपचूप फेडू नका, मालकाला खोटी कारणं सांगू नका. हात उगारला तर ताई, तुम्ही मुलांना घेऊन निघा, १८१ वर फोन करा. पतीचा मार सहन करणं ही कोणत्याच गुरूंनी सांगितलेली सेवा नाही. सासूबाईंनीही हे वाचावं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि नुसती दारूच नाही. गांजा, नशेच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, हे आपल्या पोरांपर्यंत पोचलं आहे. पोरगं एकाएकी चिडचिडं झालं, पैसे गायब व्हायला लागले, तर मारण्याआधी बसून विचारा. व्यसनमुक्तीसाठी सरकारी मदतीचा नंबर १४४४६. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६. दोन्ही फुकट आहेत. सगळ्यांनी मोबाईलमध्ये 'गुरुदेव १' आणि 'गुरुदेव २' नावानं ठेवले तरी चालेल, म्हणजे घरात कुणी बघितलं तर लाज वाटणार नाही.

या पौर्णिमेला माळ घातलेल्यांसाठी प्रत्येक कुटुंब-गटानं दोन-दोन माणसं ठरवावीत. एकानं पहिल्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात सोबत जायचं, केस-पेपर काढण्यापासून गोळ्या घेईपर्यंत. दुसऱ्यानं लूमच्या किंवा केळीच्या बागेच्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी त्याच्यासोबत घरापर्यंत चालत यायचं. त्या एका संध्याकाळी वाट सगळ्यात लांब असते, हे पिणाऱ्यांनीच सांगितलं आहे. वाटेत उपदेश करायचा नाही. क्रिकेटवर बोला, केळीच्या भावावर बोला. दोघांची नावं गटप्रमुखांना खासगीत कळवा, ग्रुपवर टाकू नका. ज्यांनी माळ घातली त्यांचीही नावं यापुढे ग्रुपवर येणार नाहीत, फोटोही नाहीत.

जय गुरुदेव.