शेजाऱ्याच्या शेताची खूण

मोशेच्या नियमशास्त्रात जे अनेक अपराध सांगितले आहेत, त्यांत शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणे हा एक आहे. एबाल डोंगरावरून जे शाप उच्चारावयाचे होते, त्यांतही मूर्तिपूजा व आईबापांचा अवमान ह्यांच्या लगोलग ह्याच अपराधाची गणना केली आहे. शहरातील वाचकास ह्याचे नवल वाटेल, परंतु आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस वाटणार नाही. बांध कोरणे म्हणजे काय हे त्यांस शिकवावे लागत नाही. दर वर्षी नांगरताना एकच तास पलीकडे घ्यावे, कोणी बोलले तर बैल वळला असे सांगावे. शेजाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत चार हात जमीन गेलेली असते. ही चोरी रात्री होत नाही, भरदिवसा होते, व करणारा रविवारी उपासनेसही येतो.

परंतु ज्या सीमेवर दगड नाही, जी केवळ सरकारी नकाशावर असते, तिच्याविषयी काय म्हणावे? कायदेमंडळासाठी सभासद निवडावयाचे तर राज्याचे मतदारसंघ पाडावे लागतात. माणसे गाव सोडून जातात, नव्या वस्त्या होतात, म्हणून ह्या सीमा वेळोवेळी पुन्हा आखाव्या लागतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते व तीनंतर प्रत्येक राज्याचे मतदारसंघ नव्याने आखले जातात. आणि तेथील बहुतेक राज्यांत हे काम त्या राज्याच्या कायदेमंडळाकडेच असते. म्हणजे ज्याला निवडून यावयाचे, तोच आपल्या निवडणुकीची सीमा आखतो. आता प्रश्न असा की, कायद्यानेच ज्याच्या हाती दोरी दिली, त्याने ती आपल्या पक्षाच्या लाभासाठी वाकडी धरली, तर तो अपराध आहे की नाही?

प्रथम ही युक्ती कशी चालते ते पाहू. एका गावात ५० मतदार आहेत व त्यांचे दहादहांचे ५ वॉर्ड करावयाचे आहेत असे समजा. त्यांपैकी ३० जण एका पक्षाचे व २० दुसऱ्याचे. सीमा आखण्याचे काम २० वाल्यांच्या हाती आले. त्यांनी आपले सहा-सहा लोक तीन वॉर्डांत घातले व उरलेले दोघे इतर दोन वॉर्डांत एकेक टाकले. पहिल्या तीन वॉर्डांत ते सहास चार असे जिंकले; बाकीच्या दोन वॉर्डांत नऊ-नऊ विरोधी कोंडून ठेवले. निकाल काय लागला? २० लोकांस तीन पंच व ३० लोकांस दोन! कोणाचे मत चोरले नाही, कोणास मारहाण केली नाही, पेटी फोडली नाही. फक्त रेघ वळवली.

ह्या गोष्टीस जे नाव पडले ते आमच्या मंडळ्यांच्या इतिहासाशी नकळत जोडलेले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एसेक्स परगण्यात सालेम नावाचे गाव आहे. तेथील टॅबर्नॅकल मंदिरात ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांस मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, व तेथून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. हॉलसाहेबांनी तर आपला देहही १८२६ साली ह्याच देशात ठेवला. आता पाहा, त्या दीक्षाविधीस पाचच दिवस झाले होते, तोच ११ फेब्रुवारी १८१२ रोजी त्या राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी ह्यांनी सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यात एसेक्स परगण्याची गावे अशा रीतीने तोडली व जोडली होती की, एक मतदारसंघ एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्यासारखा लांबलचक व वाकडातिकडा झाला. २६ मार्च रोजी बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्यास डोके, पंख व नख्या काढून चित्र छापले. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा एक प्राणी आहे. त्याच्या नावास गव्हर्नरांचे नाव जोडून लोक त्या मतदारसंघास गेरीमँडर म्हणू लागले, आणि सीमा वळवण्याच्या ह्या विद्येस आज जगभर तेच नाव आहे. त्या वर्षी गेरीसाहेबांच्या पक्षास ५०,१६४ मते पडली व २९ जागा मिळाल्या. विरोधी फेडरलिस्टांस ५१,७६६ मते पडूनही ११ च जागा मिळाल्या.

गेरीसाहेब दुष्ट मनुष्य नव्हते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. लोकांच्या हक्कांची सनद जोडलेली नाही ह्याही कारणास्तव त्यांनी १७८७ साली राज्यघटनेवर सही करण्याचे नाकारले होते. पुढे ते देशाचे उपाध्यक्षही झाले. तरी आज कोणास त्यांचे हे धैर्य आठवत नाही. एका सहीने झालेले वाकडे काम तेवढे त्यांच्या नावास चिकटून राहिले. चांगल्या मनुष्याने ह्यातून भय घ्यावे.

ह्या कामाचे समर्थन तीन प्रकारे केले जाते. पहिले समर्थन असे की, कायदा ह्यास मना करीत नाही. हे पुष्कळ अंशी खरे आहे. २७ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, पक्षाच्या लाभासाठी सीमा वळवल्याच्या तक्रारींचा निवाडा केंद्राच्या न्यायालयांस करता येत नाही. न्यायालयाने ह्या रीतीची प्रशंसा केली नाही. मोजण्यास आपल्यापाशी माप नाही व उपाय राज्यांनी व कायदेमंडळांनी करावा, एवढेच म्हटले. परंतु न्यायाधीशाचे माप जेथे संपते तेथे देवाचेही संपते काय? नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आठवा. ईजबेलीने सर्व काही रीतसर केले. राजाच्या नावाची पत्रे, राजाची मुद्रा, गावच्या वडील जनांची सभा, दोन साक्षीदार, ह्यांत कशाचीही उणीव नव्हती. तरी एलीया अहाबास मळ्यातच भेटला, आणि कागदपत्रे पाहावयास मागण्याची त्याला गरज वाटली नाही. नाबोथाचे जसे वतन, तसे गरिबाचे मत हे त्याचे वतन आहे. ते त्याच्या हातात ठेवून त्यातील सत्त्व काढून घेणे हा शिष्टाचाराने केलेला अपहार होय.

दुसरे समर्थन असे की, समोरचा पक्षही हेच करतो. हेही खरे आहे. २०१९ च्या त्याच निकालात दोन राज्यांचे खटले एकत्र होते. नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाने सीमा वळवल्या होत्या, मेरीलंडात डेमोक्रॅटिक पक्षाने. २०२५ साली तर टेक्सास राज्याने खानेसुमारीची वाट न पाहता राष्ट्रीय काँग्रेसचे मतदारसंघ आपल्या सत्ताधारी पक्षास सोयीचे असे पुन्हा आखले. तेव्हा कॅलिफोर्नियाने निःपक्षपाती मंडळाने काढलेला आपला काँग्रेसचा नकाशा लोकमत घेऊन बाजूस ठेवला व उलट बाजूने तसेच केले. शेजाऱ्याने माझा बांध कोरला म्हणून मी त्याचा कोरला, असे म्हणणारे दोन शेतकरी आम्ही पाहिले आहेत. त्यांची शेते वाढली नाहीत. मात्र दोघांच्याही मुलांस बांध कोठे होता हे सांगता येईनासे झाले. तथापि जो स्वतः नागवला जात आहे त्यास केवळ सोशिकपणाचा उपदेश करणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, त्याने दाद मागावी, लोकांस जागे करावे, परंतु स्वतः नांगर पलीकडे घालू नये.

तिसरे समर्थन भल्या लोकांस भुलवणारे आहे. आमचा हेतू चांगला आहे, आम्ही निवडून आलो तर गरिबांचे कल्याण करू, असे ते म्हणतात. याकोबास आशीर्वाद मिळणारच होता. परंतु तो त्याने करडांची कातडी हातांस बांधून मिळवला, म्हणून त्यास घर सोडून पळावे लागले, व पुढे लाबानाने त्यासही तसेच फसवले. चांगले फळ वाकड्या हाताने तोडले तर हातास काटे लागल्याशिवाय राहत नाहीत.

येथे कोणी प्रामाणिकपणे विचारील की, कोणाचाच लाभ होणार नाही अशी रेघ जगात आहे काय? नाही. नदीच्या काठाने काढा, रस्त्याने काढा, ती कोणास तरी सोयीची होणारच. रेघ मुळीच न हलवणे हाही निर्दोष मार्ग नव्हे. अलाबामा राज्याने १९०१ पासून साठ वर्षे आपल्या मतदारसंघांस हात लावला नाही. शेवटी १५,४१७ वस्तीच्या लाउन्डेस परगण्यास सिनेटचा एक सभासद, व सहा लाखांहून अधिक वस्तीच्या जेफरसन परगण्यासही एकच, अशी स्थिती झाली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या कायदेमंडळांचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे असले पाहिजेत असे ठरवले, तेव्हा ती गाठ सुटली. त्याच राज्यात टस्कीगी हे गाव आहे. वीणा गवाणकर ह्यांच्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या पुस्तकामुळे ते आमच्या वाचकांस परके नाही. १९५७ साली कायदेमंडळाने त्या गावाची चौकोनी हद्द मोडून तिला २८ बाजू पाडल्या. त्यामुळे गावातील सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सर्व हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. ते लोक घरातून हलले नव्हते. त्यांचे गाव त्यांच्या खालून काढून घेतले होते. प्राध्यापक गोमिलियन व त्यांचे सोबती न्यायालयात गेले, व १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणून निर्दोष रेघ मिळणे कठीण असले, तरी कोणत्या हेतूने व कोणाच्या हातून ती काढली हे विचारता येते. ह्याविषयी व्हर्जिनिया राज्यातील एक गोष्ट बोधप्रद आहे. तेथील प्रतिनिधिगृहाच्या १०० जागांसाठी ७ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक झाली. न्यूपोर्ट न्यूज शहरातील ९४ व्या मतदारसंघात प्रथम रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी हे १० मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सिमंड्झबाई एका मताने पुढे झाल्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका पाहिली. तीवर दोन्ही नावांपुढे खूण होती, परंतु एकीवर तिरपी रेघ ओढलेली होती. ते मत यान्सींस दिले गेले व दोघांचीही मते ११,६०८ झाली. तेव्हा तेथील कायद्याप्रमाणे ४ जानेवारी २०१८ रोजी चिनी मातीच्या एका भांड्यातून चिठ्ठी काढली. नाव यान्सींचे निघाले, व त्यांच्या पक्षास ५१ विरुद्ध ४९ असे बहुमत मिळाले. काही दिवसांनी सिमंड्झबाईंनी पराभव मान्य केला.

एका चिठ्ठीवर राज्याचे बहुमत ठरावे ह्याचे पुष्कळांस हसू आले. आम्हांस आले नाही. यहोशवाने शिलो येथे वंशांस वतने वाटली ती चिठ्ठ्या टाकून. शिष्यांनी मत्थियास निवडले तेही चिठ्ठी टाकून. चिठ्ठीत कोणाचे बोट नसते, म्हणून हरलेल्यास कडूपणा कमी येतो. खरी खंत निराळी होती. त्या निवडणुकीत राज्यभराची बेरीज केली तर डेमोक्रॅटिक पक्षास अधिक मते पडली होती, आणि ज्या नकाशावर ती झाली त्यातील ११ मतदारसंघ काळ्या नागरिकांस अन्यायाने एकत्र कोंडून आखले आहेत, असे केंद्राच्या न्यायालयाने २०१८ साली ठरवले. सीमा त्रयस्थाकडून दुरुस्त करण्यात आल्या, व २०१९ साली सिमंड्झबाई निवडून आल्या. भांड्यातील चिठ्ठी सर्वांच्या देखत निघाली. नकाशावरील रेघ मात्र सहा वर्षे आधीच काढून ठेवलेली होती.

आमच्या देशात हे काम निवडून येणाऱ्यांकडे न ठेवता परिसीमन आयोगाकडे दिले जाते, व २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. ही तजवीज सुज्ञपणाची आहे. परंतु आयोगाचा आदेश न्यायालयात सहसा बदलून मागता येत नाही, म्हणून नकाशाचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातात तेव्हाच प्रत्येक गावाने तो पाहिला पाहिजे. उपदेशकांनी तो लोकांस वाचून दाखवावा. आपल्या वस्तीचे काय झाले हे मतदानाच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आणि प्रिय वाचकहो, दूर देशाच्या कायदेमंडळास दोष देऊन आम्ही मोकळे होऊ नये. मंडळीच्या पंचांची निवडणूक जवळ आली म्हणजे सभासदांच्या यादीवर कोणाची नावे राहावी, कोणाची वर्गणी थकली असे धरावे, सभा कोणत्या वस्तीत व कोणत्या वेळी भरवावी, हे कोण ठरवतो? पेरणीच्या दिवसांत दुपारी सभा बोलावली तर कोण येणार नाही हे बोलावणाऱ्यास ठाऊक नसते काय? तीही रेघच आहे.

आमच्या घरांत वाटणीची जुनी रीत आहे: एकाने वाटे घालावे, दुसऱ्याने आधी उचलावे. अब्राहाम वडील होता, वचन त्याला मिळाले होते, तरी त्याने लोटास म्हटले की तूच आधी निवड. लोटाने पाण्याचे खोरे घेतले. अब्राहामाकडे डोंगर राहिले. त्याने काय गमावले? ज्याच्या हाती सीमेची दोरी आहे, त्याने ती ओढण्यापूर्वी एकदा पलीकडच्या शेतात जाऊन उभे राहावे व तेथून ही रेघ कशी दिसते ते पाहावे. तेथूनही ती सरळ दिसली, तर खुशाल दगड रोवावा.