सहीच्या पुढे

१९३९ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता रयतेच्या हाती सोपवली. संस्थान लहान आणि विखुरलेले. काही गावे आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडीचा भाग आजच्या सांगलीत. नव्या घटनेत मतदाराला लिहिता-वाचता आलेच पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. हेतू चांगला होता, लोक शिकावेत हाच. पण ज्यांनी शाळेची पायरी कधी चढलेली नाही, त्यांना त्याच कारणासाठी मतालाही मुकावे लागावे, हे मला पटत नाही. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारताने ही अट ठेवली नाही आणि चिन्ह बघून मत देणाऱ्या माणसाच्या शहाणपणावर विश्वास टाकला, याचा मला अभिमान वाटतो.

तरीही औंधच्या त्या विचारात एक मर्म होते. तिथे अक्षराला काम होते. प्रौढ माणूस शिकतो तो पुढे कधीतरी उपयोग होईल म्हणून नव्हे. उद्या सकाळी ते अक्षर कुठे लागणार, हे त्याला आज दिसावे लागते.

१९५९मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली पोरे रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग घेत. अवघ्या चार महिन्यांत अक्षरओळख होई. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. सरकारी योजनेत गाव स्वतःहून उतरल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत, म्हणून पुढे सारा महाराष्ट्र साताऱ्याकडे बघून ही मोहीम राबवू लागला. मोहिमेचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र एक उणीव पुन्हा पुन्हा दिसली. समारंभ झाला की पाठपुरावा थांबे. घरात पुस्तक नाही, गावात वाचनालय नाही, व्यवहार सगळा तोंडी. अशा घरात चार महिन्यांची अक्षरे कितीशी टिकणार? शिकलेले विसरले, तो दोष शिकणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

याच्या उलट गोष्ट माणदेशातली. म्हसवडच्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. प्रवर्तकांच्या नावांपुढे अंगठे उमटलेले होते, म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. बायका म्हणाल्या, मग आम्हाला लिहायला-वाचायला शिकवा. दिवसभर शेतात, मेंढरांमागे, बाजारात राबून त्या रात्री शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुम्हीही यंत्राशिवाय करून दाखवा, असे त्यांनी सुनावले. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ही अटसुद्धा मला जाचकच वाटते, कारण हिशेब त्यांना आधीपासून येत होता. पण त्या शिकल्या, कारण पाटीपलीकडे त्यांची स्वतःची बँक उभी होती. शिकलेले टिकले, कारण दुसऱ्या दिवसापासून ते वापरात आले.

म्हणून मला साक्षरतेची टक्केवारी पुरेशी वाटत नाही. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के आणि सांगलीची सुमारे ८१ टक्के होती. आकडे वाईट नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, त्या पुण्याईचा यात मोठा वाटा आहे. पण मुलांसाठी शाळा आल्या, तेव्हा शेतात राहिलेल्या आयांची गणना त्याच टक्केवारीच्या उरलेल्या भागात होते. त्यांच्यापैकी कित्येकींना आज सही येते. बचत गटाच्या बैठकीत त्यांच्याकडे बघावे. रजिस्टरवर आडवी ओळ असते: नाव, बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, दंड, शिल्लक आणि शेवटी सहीची चौकट. बाई पेन घट्ट धरते, डोंगर चढल्यासारखे एकेक अक्षर काढते आणि रजिस्टर पुढे सरकवते. सहीच्या डाव्या बाजूच्या रकान्यांत काय लिहिले आहे, ते तिला विचारले तर ती सचिवबाईंकडे बघते.

२०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे ‘उल्लास’मध्ये, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांच्याबरोबर आर्थिक आणि डिजिटल साक्षरताही धरली आहे. हे पाऊल योग्य आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ला त्याची चाचणी झाली, आजीबाई नातवाच्या शाळेत बाकावर बसून पेपर लिहीत होत्या. मला खटकते ते एवढेच, की योजनेचे यश चाचणीच्या दिवशी मोजले जाते. उत्तीर्ण झालेली बाई वर्षभराने काय वाचते, हे कोण बघणार? विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांनी आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी हे काम हाती घ्यावे. निवडक गावांत जाऊन तीच चाचणी नव्हे, पासबुक, उसाची वजन पावती, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला द्यावी. सांगलीतल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात तर आधी भाषेचा विचार करावा. घरात कन्नड बोलणाऱ्या बाईला मराठीत पहिले अक्षर शिकवायचे, तर त्यासाठी वेगळे साहित्य आणि जास्त वेळ लागणार, हे धोरणात लिहिलेले असावे.

मात्र यातले सगळे सरकारवर सोडायचे कारण नाही. नायगावच्या सावित्रीबाई लग्नानंतर शिकल्या, आणि १८५५मध्ये जोतिरावांबरोबर त्यांनी कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती कुठल्याही शासन निर्णयाची वाट न पाहता. बचत गटांचे रजिस्टर लिहिणाऱ्या सगळ्या सचिवताईंना माझी एकच विनंती आहे. पुढच्या बैठकीत सही घेण्याआधी प्रत्येकीला तिची ओळ तिच्याच तोंडून वाचायला लावा. वेळ लागेल, बैठक लांबेल. लांबू द्या.