चुलीचा दोष आणि गृहस्थाचा धर्म

घरात अग्नी बाळगणे निर्दोष असते का, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांनाच पंचसूना म्हणतात. या वस्तूंवाचून संसार चालत नाही आणि त्या वापरताना नकळत जीव मरतात. यादीत पहिले नाव चुलीचे आहे. या दोषाच्या निरसनासाठी ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि नृयज्ञ असे पाच महायज्ञ रोज करावेत, असे तेथेच सांगितले आहे. जेवणापूर्वीचा वैश्वदेव, प्राणिमात्रांसाठी काढून ठेवलेला घास, दारी आलेल्या अतिथीला अन्न या आचारांना पंचसूनेच्या या विचाराचा आधार आहे.

अग्नी वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. ऋग्वेदात अग्नीला गृहपती म्हटले आहे आणि अतिथीही म्हटले आहे. श्रौत परंपरेत त्याचे स्थान आखून दिलेले असते: गार्हपत्याचे कुंड वर्तुळाकार, आहवनीयाचे चौकोनी, दक्षिणाग्नीचे अर्धचंद्राकार. समिधा कोणत्या झाडाची आणि केवढी असावी, याचेही नियम आहेत. अग्नी घरात आणायचा तर त्याची जागा, त्याचे इंधन आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस हे तिन्ही ठरलेले असले पाहिजेत, ही समज या साऱ्या विधींच्या मुळाशी आहे.

टाळता न येणाऱ्या दोषाचे काय करायचे, याचे प्रसिद्ध उत्तर भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मिळते. आपल्या वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तशी सर्वच कर्मे दोषाने वेढलेली असतात, असे तेथे सांगितले आहे. मात्र या विचाराचा अर्थ लावताना एक गल्लत सहज होते. दोष अटळ आहे म्हणून तो आहे तेवढाच राहू द्यावा, असे काही जण त्यातून काढतात. चूल म्हटली की धूर आलाच, असे स्वयंपाकघरात ऐकू येणारे वाक्य याच गल्लतीचे घरगुती रूप आहे.

ही गल्लत दूर करायला न्यायशास्त्र मदतीला येते. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान नैयायिकांच्या पाठ्यग्रंथांत पर्वत आणि स्वयंपाकघर यांच्या उदाहरणांनी शिकवले जाते. पण उलटे अनुमान, म्हणजे अग्नी आहे म्हणून धूर आहे, ते दोषयुक्त ठरवतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर कशामुळे? ओल्या इंधनाशी संयोग झाल्यामुळे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त उपाधीचे, म्हणजे अनुमानाआड दडलेल्या अटीचे, उदाहरण म्हणून हेच सांगितले आहे. धूर हा अग्नीचा स्वभाव नाही. तो परिस्थितीने चिकटलेला धर्म आहे. परिस्थिती बदलली की तो कमी होतो.

लाकूड जळण्याचे शास्त्र हेच अधिक तपशिलाने सांगते. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते ज्योतीत जळून जातात. न मिळाली तर अर्धवट जळून धूर होऊन बाहेर पडतात. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे सरपण चुलीत घातले की कापलेल्या टोकातून फेस येतो, लाकूड चुरचुरत राहते आणि आगीची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. सरपण फोडून, पावसापासून झाकून आणि वारा खेळेल असे रचून ठेवले, ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला, तर तीच चूल पुष्कळ कमी धूर करते.

टाळता येण्याजोगी हानी आणि न टाळता येणारी हानी यांत जैन आचारशास्त्राने स्पष्ट भेद केला आहे. स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात होणारी हिंसा आरंभी हिंसा होय. ती श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून ती संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेहून वेगळी मानली जाते. पण ‘तत्त्वार्थसूत्रा’ने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, घातली आहे. त्यामुळे निमित्त घरकामाचे असले तरी बेपर्वाईने झालेल्या हानीला सूट मिळत नाही. चूल पेटवण्यापूर्वी जळणात किडामुंगी नाही ना, हे पाहणे हा या विचाराचाच आचार आहे.

येथे पंचसूनेच्या विचारातील एक उणीव उघड होते. परंपरेने चुलीचा दोष मोजला तो सूक्ष्म जीवांच्या हिंसेत. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे त्या हिशेबात आली नाहीत. महायज्ञ करणारा गृहस्थ आणि धूर सोसणारी गृहिणी या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या. गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो, याचे मोजमाप संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुराच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. दुसऱ्याच्या शरीरावर पडणाऱ्या हानीचे निरसन आपल्या बळीने आणि तर्पणाने होत नाही. ती हानी थांबवणे हेच तिचे प्रायश्चित्त.

ती थांबवण्याचे मार्ग ठाऊक आहेत. चुलीला धुराडे हवे. गरम वायू हलका असल्याने वर चढतो आणि आपल्यामागे चुलीत ताजी हवा ओढतो. ही ओढ टिकावी म्हणून धुराडे शक्य तितके सरळ आणि आढ्याच्या वर गेलेले असावे. छपरातून जाताना त्याचा लाकडी वाशांना किंवा गवताला स्पर्श होता कामा नये. आत साचणारी काजळी ठरावीक काळाने काढली नाही तर ओढ मंदावते आणि काजळीच पेट घेऊ शकते. चुलीखालची व मागची बाजू न जळणाऱ्या वस्तूची असावी, जळण चुलीला लागून रचू नये, लहान मुलांना झळ पोहोचेल इतक्या जवळ येऊ देऊ नये. राखेत निखारे दीर्घकाळ जिवंत राहतात, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवावी.

सर्वांत फसवा धोका धुराशिवाय येतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन झोपलेली माणसे त्यामुळेच दगावतात. धूर नाही म्हणजे दोष नाही, असे येथे मानता येत नाही. विस्तव असेल तेथे हवेला येण्याजाण्याची वाट हवीच आणि झोपण्याच्या बंद खोलीत शेगडी नकोच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की धुराने छपरातील कीड मरते आणि माळ्यावरचे धान्य-बियाणे टिकते. हा उपयोग खरा आहे. पण त्यासाठी माणसाने श्वासाची किंमत मोजावी, हे समर्थनीय नाही. बियाणे राखेत घोळूनही टिकवता येते. दुसरा आक्षेप गरिबीचा. तो जास्त गंभीर आहे. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी कोट्यवधी घरांत पोहोचवली, तरी सिलिंडर भरून आणणे परवडत नाही म्हणून अनेक घरांत चूलही पेटतेच. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४०च्या दशकात धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली, ती मातीत बांधता यावी अशीच. पुढे सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही झाला. त्याचा धडा हा की चूल बांधून देणे पुरत नाही. ती साफ आणि दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. ती स्वयंपाक करणाऱ्या बाईवरच पडू नये, साऱ्या घराने आणि गावाने वाटून घ्यावी.

यावरून चुलीच्या धर्माचे दोन भाग पडतात. दक्षतेने जेवढी हानी टाळता येते तेवढी टाळणे हा पहिला. कोरडे सरपण, मोकळे धुराडे, हवेची वाट आणि राखेची काळजी या गोष्टी त्यामुळे केवळ सोयीच्या राहत नाहीत. पंचसूनेचा दोष मानणाऱ्याच्या दृष्टीने त्या नित्यकर्मात मोडतात. एवढे करूनही जी हानी उरते तिची जाणीव ठेवून अन्न वाटून खाणे, हा दुसरा. पंचमहायज्ञांचे क्षेत्र या उरलेल्या हानीपुरते आहे. पहिला भाग टाळून केवळ दुसरा पाळला तर तो विधी राहतो, दोषाचे निरसन होत नाही.