यादीत नसलेल्याचं काय?

बंगळुरूत आउटर रिंग रोडलगतच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसांत दिवसभर कोड लिहिला जातो आणि त्यात किंमत पाहून वाट निवडणारा स्विच पदोपदी भेटतो. पैसे भरण्याचा व्यवहार घ्या. ‘यशस्वी’ असेल तर पावती, ‘प्रलंबित’ असेल तर प्रतीक्षा, ‘अयशस्वी’ असेल तर सूचना. इफ-एल्सच्या लांबलचक साखळीपेक्षा ही मांडणी नेटकी, कारण सगळ्या वाटा एका नजरेत दिसतात. तरी स्विचचा खरा कस लागतो तो डिफॉल्टपाशी, म्हणजे यादीत नसलेल्या किमतीसाठी ठेवलेल्या वाटेपाशी. बँकेकडून उद्या ‘परत फिरवला’ अशी चौथीच स्थिती आली तर?

डेनिस रिची यांची सी भाषा इथे मौन पाळते. डिफॉल्ट नसेल तर अनोळखी किंमत काहीच न घडता निसटते. प्रत्येक वाट म्हणजे एक केस आणि ती संपवतो ब्रेक. तो राहून गेला तर एका केसमधून प्रोग्राम गुपचूप पुढच्या केसमध्ये उतरतो. या मौनाची किंमत मोठी असते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीची लांब पल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे ९ तास कोलमडली. मुळाशी होता सीमधल्या स्विचच्या आत भलत्या जागी पडलेला एक ब्रेक. व्याकरणाच्या दृष्टीने तो निर्दोष होता, म्हणून कंपायलरने हरकत घेतली नाही.

पुढच्या भाषांनी यातून धडा घेतला. २०१४ ची स्विफ्ट सगळ्या शक्यता हाताळल्याशिवाय स्विच स्वीकारत नाही. २०२० च्या जावा १४ मधल्या स्विच एक्स्प्रेशनलाही तोच नियम आहे.

पण म्हणून सर्रास डिफॉल्ट लिहिणं हा उपाय नव्हे. आधी यादी कुणाची ते पाहावं. ऑर्डरच्या पायऱ्या आपणच एनममध्ये, म्हणजे ठरावीक किमतींच्या यादीत, ठरवल्या असतील, तर हा नियम असलेल्या स्विचमध्ये डिफॉल्ट टाळावा. नवी पायरी वाढली की कंपायलर असा प्रत्येक अपुरा स्विच दाखवून देतो. डिफॉल्ट त्या उणिवेवर पांघरूण घालतो. किंमत बाहेरच्या जगातून येत असेल, तर मात्र डिफॉल्ट हवाच. त्याने अडावं, नोंद करावी, माणसाला कळवावं.

बाहेरचं जग आपल्या यादीला बांधील नसतं, हे बेळ्ळंदूरला वेगळं सांगायला नको. सांडपाण्याने फेसाळलेल्या इथल्या तलावात २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये आग भडकली. पाण्याला आग लागेल, ही केस कोण लिहून ठेवणार?

सगळं आधीच ओळखणं कुणालाच जमणारं नाही. अनोळखी समोर आल्यावर तसं स्पष्ट सांगणं मात्र जमण्यासारखं आहे आणि त्यावर कुणाचे तरी कष्टाचे पैसे अवलंबून असतात. म्हणून रिव्ह्यूला स्विच आला की मी शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतो.